लंगोटाचं अभ्यंगस्नान

निनादचा ओहायोहून फोन आला तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. फोन खांद्यावर धरला. पलीकडून रडवेला आवाज आला, "आजी, माझ्या अंगात वर्म आहे."

शाळेच्या कुस्तीच्या संघात त्याची यंदाच निवड झाली होती. दंडावर एक गोल चट्टा उठला. त्यांच्या कोचने तो पाहिला, 'रिंगवर्म' असं नाव सांगितलं आणि बरा होईपर्यंत मॅटवर पाय ठेवायचा नाही म्हणून घरी पाठवून दिलं. मागून त्याची बहीण मीरा ओरडत होती, "आजी, तो मुद्दाम माझ्या टॉवेलला हात लावतोय!"

मला हसू आवरेना. पिठाचे हात तसेच वर धरून मी हसत राहिले. "माझी कुस्ती गेली आणि तू हसतेस?" निनाद म्हणाला. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'त्वचारोगाच्या दवाखान्यातले अनुभव' मागितले होतेच. मी त्यांना कळवलं की लिहीन, पण माझ्या दोन नातवंडांसाठी लिहीन. बाकीच्या वाचकांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचावं.

तर निनाद, आधी त्या वर्माचं बघू. तुझ्या अंगात कसलाही किडा नाही. चट्टा गोल आणि त्याची कड उठलेली, म्हणून इंग्रजांना तिथे वेटोळं घातलेला किडा दिसला. आपल्या पूर्वजांना तिथेच हत्तीचा कान दिसला, म्हणून आपण त्याला गजकर्ण म्हणतो, कुणी नायटा म्हणतात. खरं तर तिथे किडा नाही आणि हत्तीही नाही. ती बुरशी आहे. भाकरी दमट फडक्यात गुंडाळून विसरलं की तिच्यावर जी येते, तिच्या लांबच्या नात्यातली. ही आपल्या कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरावर जगते. उसाचं पाचट पेटवलं की जाळ कडेकडेने सरकतो आणि मधे नुसती राख उरते, तसंच हे. बुरशी खात खात बाहेर सरकते, म्हणून कड लाल दिसते आणि मधली जागा बरी झाल्यासारखी वाटते. लोक मधल्या जागेकडे पाहून खूश होतात. मी आयुष्यभर कडेकडे पाहत आले.

तिला तीन गोष्टी आवडतात: घाम, ऊब आणि ओल. या तिन्ही एकाच ठिकाणी हव्या असतील तर कोल्हापुरातल्या पावसाळ्यातल्या पैलवानापेक्षा चांगली जागा तिला सापडायची नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझा दवाखाना राजारामपुरीत होता. माझ्या मदतीला शालन होती. ती हुपरीहून रोज एस.टी.ने यायची. घरी सगळे चांदीचे पैंजण घडवायचे आणि ही बाई औषधं द्यायची. तिचा आवाज इतका खणखणीत होता की आत एखाद्याला काय झालंय ते बाहेरच्या बाकावर सगळ्यांना कळायचं. मी तिला दरवाजा लावून बोलायला सांगितलं, तर ती दरवाजाच्या आड उभी राहून त्याच आवाजात बोलू लागली.

भादव्यात एके दिवशी दाराच्या चौकटीत न मावणारा एक तरुण आत आला. रंगराव, उचगावचा. पेठेतल्या एका तालमीत राहून कुस्ती शिकणारा. कान मोडलेले, मान आणि खांदे एकच. आणि एवढा धिप्पाड माणूस लाजेने अर्धा झालेला. त्याने मान दाखवली. दोन गोल चट्टे होते.

"आणखी कुठे?"

"न्हाय बाई. एवढंच."

पण बोलताना त्याचा डावा हात कमरेशी चाललेला होता.

त्याला घाई का होती तेही त्याने सांगितलं. दिवाळीनंतर मैदानं सुरू होतात. एका मोठ्या जत्रेत त्याची कुस्ती ठरली होती, गडहिंग्लजकडच्या मल्लाप्पाशी. मल्लाप्पा म्हणजे नावाजलेला गडी. अशी जोड रंगरावसारख्या नवख्याला पुन्हा लागली नसती. आणि अंगावर गजकर्ण दिसलं तर पंच आखाड्यात उतरूच देत नाहीत, कारण कुस्तीत अंगाला अंग घासतं आणि एकाचं दुसऱ्याला लागतं. तुझ्या कोचने केलं ते तेच, निनाद. आमच्याकडचे पंच त्याच्याआधी कैक वर्षं तेच करत होते.

मी मलम दिलं. चट्ट्यावर आणि चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावायला सांगितलं. नेहमीप्रमाणे शेवटी म्हणाले, "कोरडं ठेवायचं. ओलं अजिबात चालणार नाही."

रंगरावचा चेहरा पडला. "पूर्ण बंद?"

"पूर्ण."

"कुस्तीपत्तोर?"

"अगदी तोपर्यंत."

तो जड पावलांनी गेला. कोरडं राहायचं म्हटल्यावर एखाद्याने इतकं दुःखी का व्हावं, हे मला कळलं नाही.

आता तुम्हाला आमच्या भागातली एक गंमत सांगायला हवी. इथे कुठल्याही दवाखान्यात पेशंटचा शेवटचा प्रश्न एकच असतो, "पथ्य काय?" कातडीचा आजार म्हणजे तो खाण्यातूनच आला, अशी सगळ्यांची खात्री. वांगं बंद, मासे बंद, शेंगदाणे बंद, हे ऐकल्याशिवाय औषध लागू पडणार नाही असं त्यांना वाटतं. गजकर्णाला खाण्याचं पथ्य नसतं हे मी सांगून सांगून थकले होते. त्यात आमच्याकडे भाकरी ज्यात बुडवून खातात त्या पातळ कालवणाला 'कोरड्यास' म्हणतात. म्हणजे कोरडं आणि ओलं यांचा घोळ इथे आधीपासूनच घातलेला. माझं शिक्षण बेळगावच्या इंग्रजी शाळेत आणि मग मुंबईत झालेलं. माझ्या मराठीत कोरडं म्हणजे पुसून कोरडं.

दोनेक आठवड्यांनी बाहेरच्या बाकावर आरडाओरडा ऐकू आला. शालनच्या आवाजावर आवाज चढवणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

"कुठं हायत त्या डाक्टरीणबाई? माझी तालीम मारली त्यांनी!"

रंगरावच्या तालमीचे दौलू वस्ताद आत आले. डोक्याला फेटा, पांढऱ्या मिशा, सत्तरीतही छाती पुढे. मागे रंगराव आणि आणखी चार पैलवान, गाल बसलेले.

"बाई, ह्या पोरांकडं बघा की! जोर मारताना डोळ्याम्होरं अंधारी येत्या. तुमचं पथ्य पाळालोय आमी. तांबडा रस्सा बंद, पांढरा बंद, आमटी बंद, ताक बंद, थंडाई बंद. कट्ट्यावरचं दूध बंद. त्यो म्हशीवाला मला इचारतोय, वस्ताद, तालीम मोडली का काय?"

"पण दूध कुणी बंद करायला सांगितलं?"

"तुमीच की! ओलं अजिबात चालणार न्हाय!"

मी रंगरावकडे पाहिलं. तो खाली पाहत म्हणाला, "बाई, सुक्कं मटण, भाकरी आन् ठेचा खाऊन दिस काढालोय. भाकरी घशाखाली जात न्हाय ओ."

"आणि हे चौघं?"

"त्यास्नीबी तसंच उठलंय," वस्ताद म्हणाले. "एकाला पथ्य, म्हणजे सगळ्यास्नी पथ्य. तालमीत शिस्त हाय. समदी तालीम कोरडी केली मी!"

शालन दाराआड गेली. तिला हसण्यासाठीसुद्धा दाराचाच आडोसा लागायचा, आणि तो पुरला नाही. मग मीही हसले. मग पाचही पैलवान हसू लागले, कारण रस्सा प्यायला हरकत नाही हे त्यांना तेवढ्यात उमगलं होतं. एकटे वस्ताद हसले नाहीत. "म्हंजी फुकट उपाशी मारली व्हय पोरं?" ते म्हणाले, आणि मग त्यांच्याही मिशा हलल्या.

हसणं संपल्यावर मी पाचही जणांना नीट तपासलं. या वेळी शालनला बाहेर पाठवून. लाज सोडून सगळं दाखवा म्हटल्यावर खरा प्रकार समोर आला. पाचही जणांच्या डाव्या कमरेवर, हाडाच्या जरा वर, तळहाताएवढा चट्टा. पाच माणसं आणि जागा एकच. शिवाय कडा अस्पष्ट, विस्कटलेल्या. मी विचारलं, "माझ्याकडे यायच्या आधी काही लावत होता?" वस्तादांनी खिशातून एक पिळून पिळून चपटी झालेली पांढरी ट्यूब काढली. औषधाच्या दुकानातून कुणालाही न विचारता आणलेली.

"लावली की खाज लगीच थांबती. लई भारी हाय."

खाज थांबते हे खरं. असल्या मलमात स्टिरॉइड असतं. त्याने खाज झोपते, लाली झोपते, अंगाची राखण करणारी शक्तीही झोपते, आणि जागी राहते ती फक्त बुरशी. ती मग निवांत पसरते. घरात चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला झोपेचं औषध द्यावं, तसं ते. ती ट्यूब मी तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुढे दोन हजारनंतर असल्या मिश्र मलमांचा नुसता पूर आला. कातडी पातळ झालेली, चट्टे पोटभर पसरलेले, एकाकडून घरातल्या सगळ्यांना लागलेले पेशंट येऊ लागले. पूर्वी काही आठवड्यांत बरं होणारं गजकर्ण महिनोन् महिने हटेना. दुकानदारांना मी समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं. निवृत्त झाले त्या दिवशीही शेवटच्या पेशंटच्या हातात तसलीच ट्यूब होती. एवढी एक कुस्ती मी हरले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी माझ्यासमोर पाच डाव्या कमरा होत्या.

"वस्ताद, लंगोटाची गाठ कुठे येते?"

"डाव्या अंगाला. का?"

"ही मुलं एकमेकांचे लंगोट घालतात का?"

वस्ताद खुर्चीतून उठलेच. "बाई, काय बोलालाय? माझी पोरं लंगोटाची पक्की हायत!"

लंगोटाचा पक्का म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा. मुलांनो, मी त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवलं असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, "त्याबद्दल शंका नाही. पण बुरशीला त्याने काही फरक पडत नाही. कपडा एकच असला की झालं."

"ज्याचा लंगोट त्याचा. कुणी कुणाच्याला हात लावत न्हाय."

पाचही जण एकदम पायांकडे पाहू लागले. शेवटी रंगराव पुटपुटला, "मानाचा सोडून."

मग मानाचा लंगोट कळला. वस्तादांच्या वस्तादांचा तो. तो बांधून ते लढले आणि त्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, अशी ख्याती. तेव्हापासून तो तालमीत मारुतीपुढच्या कोनाड्यात ठेवलेला. ज्याची मोठी कुस्ती ठरेल त्याने तो बांधून सराव करायचा आणि मैदानातही तोच बांधायचा. त्या मोसमात या पाचही जणांच्या कुस्त्या ठरल्या होत्या. पाळीपाळीने सगळ्यांनी बांधला होता.

"आणि धुतो कोण?"

वस्तादांनी माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं पाहिलं. "धुतो? बाई, धुतल्यावर त्यातली ताकद ऱ्हाईल व्हय?"

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले, त्याच्याही आधीपासून त्या लंगोटाला पाणी लागलेलं नव्हतं.

मी रंगरावच्या चट्ट्याची कड बोथट पात्याने हलकेच खरवडली. जो भुसा निघाला तो काचेवर घेऊन त्यावर औषधाचा एक थेंब टाकला. त्या थेंबाने कातडी विरघळते आणि बुरशी तेवढी उरते. सूक्ष्मदर्शक लावून वस्तादांना बोलावलं. त्यांनी फेटा काढून ठेवला, एक डोळा मिटला, आणि दुसरा भिंगाला लावला.

"मुळं हायत की ही. हराळीसारखी."

"हराळीच आहे. म्हणून वरवर उपटून भागत नाही."

"आमच्या मातीतली न्हवं ही," ते ताडकन म्हणाले. "आमच्या मातीत हळद हाय, लिंबू हाय, ताक हाय, कापूर हाय."

"तुमच्या मातीवर माझा संशय नाही. तुमच्या कोनाड्यावर आहे. मी कितीही औषध दिलं तरी तो लंगोट पुन्हा बांधला की पुन्हा उठणार. आणि मग रंगरावची कुस्ती पंच रद्द करणार."

"आन् धुतला तर पोरगं पडणार."

"मग राहू दे. रंगराव ताकदवान लंगोट बांधून मैदानाबाहेर बसेल."

रंगराव आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याला मारुतीही दुखवायचा नव्हता आणि मल्लाप्पाही सोडायचा नव्हता. आतापर्यंत शालन परत आत आली होती. "वस्ताद, तुमी आंघोळ करता न्हवं?" तिने विचारलं. "मग तुमची ताकद कुठं गेल्या?" वस्तादांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा दाराआड गेली.

मला एकच गोष्ट सुचली. "वस्ताद, दिवाळीत देवांना अभ्यंगस्नान असतं. मारुतीलाही घालता. मग लंगोट काय मारुतीपेक्षा मोठा आहे?"

वस्तादांनी फेटा बांधला. दारात थांबून म्हणाले, "कौल लावतो. त्यानं व्हय म्हटलं तर धुतो." दुसऱ्या दिवशी रंगराव रस्सा पिऊन टवटवीत झालेल्या चेहऱ्याने सांगायला आला. मारुतीने उजवा कौल दिला होता.

मधल्या दिवसांत पाचही जणांवर एकदमच उपचार सुरू केले. एकाचं आज आणि दुसऱ्याचं उद्या असं केलं तर बुरशी त्यांच्यात खो-खो खेळत बसते. रंगरावचं जास्त पसरलेलं, म्हणून त्याला पोटात घ्यायच्या गोळ्याही दिल्या. पुसायला प्रत्येकाचा वेगळा पंचा, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आणि दमट लंगोट पुन्हा बांधायचा नाही. आणि सगळ्यात अवघड सूचना ही की चट्टा दिसेनासा झाला तरी मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही. पाचही जणांना मी 'कोरडं' म्हणजे काय ते पंच्याने अंग पुसून दाखवायला लावलं, आणि मगच सोडलं.

आणि मग नरकचतुर्दशी. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही, म्हणून मी आणि शालन उंबऱ्याबाहेर उभ्या. तुमचे आजोबा आत, माझे प्रतिनिधी म्हणून. आवारात चुलीवर भला मोठा हंडा, पाणी खळखळ उकळतंय. हलगी कडाडली. वस्तादांनी कोनाड्यातून लंगोट उचलला, तांब्याच्या ताटात ठेवला, त्याला कुंकू लावलं, तेल लावलं, उटणं लावलं. "तेल राहू द्या, धुवायचाय तो!" मी उंबऱ्याबाहेरून ओरडले. आजोबांनी आत ओरडून सांगितलं. पण हलगीत कुणाला काय ऐकू येणार? लंगोट हंड्यात गेला आणि साबणही गेला.

त्या पाण्याचा रंग मी सांगणार नाही. दिवाळी अंक आहे, तुम्ही फराळ करत वाचत असाल.

बऱ्याच वेळाने वस्तादांनी काठीने लंगोट वर उचलला आणि तालीमभर "आँ?" असा आवाज झाला. मानाचा लंगोट तांबडा होता! चांगला गुलालासारखा तांबडा. सगळ्यांनी तो आजवर काळाच पाहिलेला. वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या वस्तादांच्या कमरेला असाच दिसायचा," ते म्हणाले. तो दिवसभर उन्हात वाळवला, आणि मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला तालमीत बोलावून मारुतीपुढे त्याला इस्त्री केली. उरलीसुरली बुरशी इस्त्रीच्या धगीने मरावी म्हणून मी तेवढा एकच हट्ट धरला होता आणि त्यांनी तो पुरवला.

मैदानाला मी गेले. तेव्हा बायका फारशा जात नसत. शालन आणि मी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या होतो. रंगराव उतरला, मल्लाप्पा उतरला. हातात माती घेऊन दोघांनी एकमेकांना लावली, आणि तेवढ्यात मल्लाप्पाच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "ओ पंच, गजकर्ण हाय त्याला! कमरेवर बघा की!"

रंगरावच्या कमरेवर तपकिरी खूण होती खरी. बुरशी गेल्यावर कातडीवर काही दिवस डाग राहतो. तो कुणालाही लागत नाही. पण पंच थांबले. वाकून पाहू लागले. रंगरावचा चेहरा त्या पहिल्या दिवशीसारखा पडला. मला राहवेना. मी ट्रॉलीच्या कठड्यावर पाय ठेवला आणि माझ्या बेळगावच्या इंग्रजी शाळेतल्या सगळ्या शिस्तीला रजा देऊन ओरडले, "तो डाग आहे! रोग नाही!"

मग शालनने तिचा आवाज लावला, "डाग हाय, रोग न्हाय!"

आणि सगळं मैदान पेटलं. "डाग हाय! रोग न्हाय! डाग हाय! रोग न्हाय!" हलगीवाल्याने ठेका धरला. पंचांनी हसत माझ्याकडे पाहून हात जोडले आणि कुस्ती लावली.

मल्लाप्पा भारी होता. त्याने रंगरावला दोनदा खाली घेतलं, दोन्ही वेळा रंगराव निसटला. मग एकदम रंगरावने त्याचा हात खांद्यावर ओढला, पाठीवर घेतला, आणि उचलून समोर आपटला. मल्लाप्पाची पाठ मातीला लागली. मला त्या डावाचं नाव माहीत नव्हतं. मी शेजारच्या फेटेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "धोबीपछाड ओ, बाई! धोबीपछाड!"

धोबी दगडावर कपडा आपटतो तसा तो डाव. गर्दीतून वस्ताद ट्रॉलीपर्यंत आले. गुलालाने तांबडे झाले होते, अगदी लंगोटासारखे. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "बघितलं न्हवं? त्यानंच सांगितलं, धुवा म्हणून."

पंधरवड्याने दवाखान्याचं दार पुन्हा भरून गेलं. या वेळी मल्लाप्पा होता. हात डाव्या कमरेशी.

"अक्का, जरा बघता का?"

चट्टे जुने होते, कुस्तीच्या कितीतरी आधीचे. पंचांनी त्या दिवशी एकाचंच अंग निरखून पाहिलं होतं. मी रंगरावला लगेच निरोप धाडला. त्याला काही लागलं नव्हतं.

"मल्लाप्पा, तुमच्या तालमीतही काही मानाचं आहे का?"

तो चपापला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "एक चड्डी हाय, अक्का. पन ती धुवायची न्हाय. धुतली की ताकद जाती म्हणत्यात."

"ताकद कुणाची गेली? धुतलेल्याची, की न धुतलेल्याची?"

त्याने विचार केला. मग आपली पाठ हाताने चाचपली आणि एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. औषध घेऊन उठला, आणि दारात जाऊन परत वळला. मला ठाऊक होतं तो काय विचारणार.

"पथ्य काय, अक्का?"

"रस्सा," मी म्हणाले. "रोज दोन वाट्या जास्त."